मिसोच्या कोठारातली मंडळी आणि सुमनवहिनी

नागोयाच्या महाराष्ट्र मंडळात जूनच्या अखेरीला बातमी फुटली की काशियामाच्या सुमनवहिनी ख्रिस्ती झाल्या. नुसत्या झाल्या असत्या तर लोकांनी चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण त्या म्हणे चक्क पाण्यात बुडवून झाल्या, आणि बुडवून वर काढलेल्या अवस्थेत त्यांना पाहणारा माणूस मंडळात हजर होता. हा माणूस म्हणजे जयप्रकाश. काशियामाला तो जुनी गाडी बघायला गेला होता. गाडी पसंत पडली नाही, पण परत येताना ही बातमी फुकट मिळाली. प्रार्थनागृहाच्या अंगणात वहिनी उभ्या, डोक्याला ओढणी, कमरेपासून खाली ओल्याचिंब, आणि शेजारी दोन म्हातारे वाकून वाकून आभार मानताहेत. याहून जास्त पुरावा कोर्टालाही लागत नाही.

तर आधी ते पाणी उपसून टाकू. त्या प्रार्थनागृहाच्या जमिनीखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे, हे खरं. वर फळ्या टाकून खुर्च्या मांडतात. पण गेल्या बावीस वर्षांत त्या हौदात माणूस उतरलेलं नाही. हिवाळ्यात तिथे पंखे ठेवतात आणि उन्हाळ्यात रॉकेलचे हीटर. त्या शनिवारी पंखे वर काढून धुवायचे होते. धुणारे दोन्ही बंधू सत्तरी ओलांडलेले, म्हणून वहिनींनी नळी हातात घेतली, आणि नळीचं तोंड नळावरून निसटलं. ओढणी होती ती उन्हासाठी. काय ते न्हाऊन पावन झाले असतील तर पंखे.

गंमत अशी, की बातमी शनिवारची आणि खरा घोळ झाला रविवारी. अफवा सत्याच्या एक दिवस पुढे निघून गेली होती.

सुमन आगटे मूळच्या चिंचवडच्या. तिथे सहकारी बँकेत नोकरी, मग रविकांतरावांची बदली, दोन वर्षांसाठी म्हणून जपान. त्या दोन वर्षांची आता एकवीस झाली. रविकांतराव गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, आणि कारखाना काशियामात, म्हणून घरही तिथेच. नागोयाहून रेल्वेने पन्नास मिनिटं, कौलांच्या भट्ट्यांचं गाव. भट्ट्या बहुतेक थंड झाल्यात, पण कौलं अजून घरोघरी आहेत.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनींनी ठेवलेली कचऱ्याची पिशवी दुसऱ्या दिवशी दाराशी परत आली. पिशवी घेऊन आली होती दोन घरं सोडून राहणारी असाई कियो. बाटलीचं टोपण वेगळं, बाटली वेगळी, बाटलीवरचा कागद वेगळा, असं तिने उंबऱ्यावर बसून करून दाखवलं. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. वहिनी जपानी शिकल्या त्या अशा, कचऱ्यापासून सुरुवात करून. आज त्या गावातल्या वृद्धांच्या दिवसकेंद्रात नोकरी करतात आणि म्हाताऱ्यांना दटावतातसुद्धा जपानीतून.

कियो-सान, यातलं ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’, अठ्ठ्याऐंशीची. लग्न केलं नाही. बापाचं मिसोचं दुकान बंद पडेपर्यंत चालवलं. सोयाबीन आंबवून केलेला तो घट्ट मसाला, त्याचा वास आजही तिच्या घराच्या लाकडाला आहे. आणि ही कियो-सान काशियामाच्या ब्रदरेन मंडळीतली सगळ्यात जुनी भगिनी.

आता ब्रदरेन म्हणजे काय, हे मंडळातल्या कुणी विचारलं नाही, म्हणून सांगणं भाग आहे. यांच्यात पाद्री नाही. वेदी नाही, मेणबत्ती नाही, दारावर क्रूससुद्धा नाही. खुर्च्या चौकोनात मांडतात, मधे टेबल, टेबलावर पांढऱ्या कापडाखाली एक पाव आणि द्राक्षाचा रस. ज्या बंधूला वाटेल तो उठतो, गीत सुचवतो, प्रार्थना करतो. कुणालाच काही वाटलं नाही तर सगळे वीस-वीस मिनिटं गप्प बसतात. भगिनी डोकं झाकतात, गीत म्हणतात, आणि एरवी सभेत तोंड उघडत नाहीत. आपल्याकडच्या कित्येक नवऱ्यांना हा धर्म ऐकूनच आवडेल, पण पुढचं ऐकावं. सभा संपली की स्वयंपाकघरात उदोनचं, म्हणजे जाड शेवयांचं, जेवण असतं. तिथे तो नियम लागू नाही, आणि तासभर दाबून धरलेलं सगळं तिथे बाहेर पडतं.

मंडळीत उरलेली माणसं नऊ. मूळ घरं दोन, मिसोवाले असाई आणि कौलवाले कुवाबारा. एक इंग्रज जोडपं सायकलवरून गावात आलं, त्यांना कुणी जागा देईना, तेव्हा कियो-सानच्या बापाने मिसोचं कोठार दिलं. सन एकोणीसशे चोपन्न. पिंपांच्या मधे गोणपाट अंथरून पहिली सभा झाली. कियो तेव्हा अठरा वर्षांची. त्या दिवसापासून आजवर तिचे चार रविवार चुकले, आणि चारही तिला तारखेसह पाठ आहेत.

दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. चालताना धरायला बाईमाणूस हवं, आणि घास घशात अडकायची सवय, म्हणून खाताना पाठीवर हात ठेवायला कुणीतरी शेजारी हवं. मंडळीतल्या बाकीच्या भगिनी स्वतःच काठ्या टेकत येतात. तेव्हा सुमनवहिनी शेजारीण म्हणून तिला रविवारी गाडीतून नेऊ लागल्या. वहिनी मंडळीबाहेरच्या, म्हणून जागा मागच्या ओळीत. कियो-सानही पुढची जागा सोडून त्यांच्या शेजारी मागे येऊन बसली. ताटली फिरायची वेळ आली की मंडळीतले कर्ते बंधू कुवाबारा-सान स्वतः मागे येत, कियोला पाव देत आणि ताटली घेऊन वळत. दोन वर्षं असं सुरळीत चाललं. वहिनी तेवढा वेळ मनात रामरक्षा म्हणत. शांतता एवढी चांगली मिळाल्यावर वाया कशाला घालवायची.

पंखे धुतले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुवाबारा-सानना ताप होता. ताटली फिरवायला तोयोहाशीहून आलेले पाहुणे बंधू उठले. त्यांना काय माहीत. त्यांनी ताटली कियोपुढे धरली, कियोने तुकडा घेतला, आणि ताटली पुढे सरकून वहिनींच्या समोर आली.

आता चिंचवडच्या बाईसमोर देवाच्या नावाने कुणी काही धरलं तर काय होणार? उजवा हात आपोआप पुढे गेला, डावा त्याच्याखाली. तुकडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. पाठोपाठ रसाची इवलीशी पेली आली, तीही तळहातावर ओतून घेतली आणि ओला तळहात डोक्यावरून फिरवला. तीर्थ आणि प्रसाद, दोन्ही यथासांग. मग वर पाहिलं तर चौकोनातले आठही जण त्यांच्याकडे बघत होते.

बाप्तिस्मा न झालेल्याने त्या पावाला हात लावायचा नसतो. लावला, तर लावणाऱ्याने आपला विश्वास जाहीर केला असा अर्थ होतो. पण सभेत बोलायचं कुणी आणि काय? पाहुणे बंधूंनी गीत क्रमांक सांगितला आणि सगळे गायला लागले.

मंगळवारी संध्याकाळी कुवाबारा ताकेओ आगट्यांच्या दारात उभे. अंगावर कोट, हातात मिठाईचा बांधलेला डबा. जपानी माणूस असा डबा घेऊन आला की समजावं, काहीतरी कठीण बोलायचं आहे. तापातून उठलेले, एकाहत्तर वर्षांचे, तरी गुडघ्यावर बसले.

“चूक आमची आहे,” ते म्हणाले. “ताटली तुमच्यापर्यंत यायलाच नको होती. पण आता विचारणं भाग आहे. सुमन-सान, तुमचा तसा काही मानस आहे का? असेल तर आम्हाला फार आनंद होईल.”

“नाही हो. पुढे केलं म्हणून घेतलं. आमच्यात नाही म्हणत नाहीत.”

कुवाबारा-सानांनी मिठाईचा डबा पुढे सरकवला. “मग कृपा करून पुढच्या रविवारपासून तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसाल का? दार उघडं ठेवू. कियो-सानना काही लागलं तर हाक मारू.”

ते गेले आणि अर्ध्या तासात नेत्राचा फोन. नेत्रा म्हणजे मंडळाच्या गणपतीची कार्याध्यक्ष, वय अडतीस, आवाज गोड.

“सुमनताई, राग मानू नका हं. तुम्ही काय मानता तो तुमचा प्रश्न. फक्त या वर्षी नैवेद्याचे मोदक दुसऱ्या कुणाकडे दिले तर चालेल का? तुमचं सगळं क्लिअर होईपर्यंत.”

“काय क्लिअर व्हायचंय?”

“ते बुडवलं वगैरे.”

“पंखे बुडवले, नेत्रा.”

“हो का? पण लोक बोलतात ना ताई.”

रविकांतरावांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. मिठाईचा डबा उघडत ते म्हणाले, “तू दोन्हीकडे थोडे दिवस थांब. आपोआप शांत होईल.”

“अहो, मी थांबले तर कियो-सान कशी जाणार?”

यावर रविकांतरावांनी मिठाई तोंडात टाकली. लेक स्वरूपा फोनवरून मान न उचलता जपानीत म्हणाली की यात एवढं विचित्र काय आहे, तिच्या वर्गातली मुलं दर आठवड्याला याहून विचित्र काहीतरी करतात. हा घरातला तिसरा निकाल.

गुरुवारी दिवसकेंद्रात वहिनींनी कियो-सानचे पाय गरम पाण्यात सोडले आणि ताकेओ काय म्हणून गेले ते सांगितलं. कियो हसायला लागली ती थांबेचना.

“त्याची आई कशी आली होती ते त्याला ठाऊक नाही वाटतं,” ती म्हणाली.

“कशी आली होती?”

कियोने सांगितलं. वहिनींनी ऐकलं, टॉवेल हातात तसाच राहिला.

“मग तुम्ही हे त्यांना सांगा ना.”

“सभेत मी बोलत नाही.”

“जेवताना सांगा.”

“बघू. पण तू स्वयंपाकघरात बसणार असशील तर मला ठरवावं लागेल.”



रविवार आला. वहिनींनी कियोला मागच्या ओळीत बसवलं आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन गॅसशेजारच्या स्टुलावर बसल्या. दार उघडं. गीतं झाली, प्रार्थना झाली. कुवाबारा-सान उठले, पाव मोडला, ताटली उचलली. तेवढ्यात काठीचा आवाज आला. कियो-सान उठली होती. एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत, दुसऱ्या हाताने काठी टेकत, ती भर सभेतून चालत निघाली. एक शब्द नाही. नियम बोलण्याचा होता, चालण्याचा नव्हता. धरायला वहिनी पुढे धावल्या तोवर ती दारापर्यंत पोहोचली होती. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि बसली.

“परत चला,” वहिनी कुजबुजल्या. “ताटली निघालीय.”

“इथून ऐकू येतं,” कियो म्हणाली.

कुवाबारा-सान ताटली घेऊन रिकाम्या खुर्चीपाशी आले. तिथून दारापाशी आले. कियोने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. सत्तर वर्षांत हजर असून पाव न घेतल्याचा हा तिचा पहिला रविवार. वहिनींना वाटलं, आपण एका तुकड्यापायी हिचं सगळं आयुष्य उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

मग जेवण. नऊ वाडगे, दहावा वहिनींचा. ओरपण्याच्या आवाजाशिवाय आवाज नाही. कुवाबारा-सान हे मंडळीच्या सत्तरीची पुस्तिका लिहीत होते, हे इथे सांगायला हवं. आठ पानं झाली होती. त्यात सगळे बंधू नावानिशी होते, आणि भगिनी ‘प्रभूच्या कृपेने अमुक घरही सामील झालं’ अशा घरांच्या आत कुठेतरी होत्या.

“ताके,” कियो म्हणाली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ताके म्हणणारं माणूस गावात एवढंच उरलं होतं. “पुस्तिकेत तुझ्या आईचं काय लिहिलंस?”

“चोपन्न सालच्या हिवाळ्यात तोमे भगिनीला प्रभूने बोलावलं.”

“तिला मी बोलावलं. दुकानाच्या दारातून. ती मिसो घ्यायला आली होती.”

ओरपणं थांबलं.

“रविवारी दुकान बंद असतं हे तिला माहीत नव्हतं. बाहेर बर्फ पडत होता, तू तिच्या पाठीला बांधलेला. म्हटलं, आत बस, सभा संपली की देते. ती पिंपाला टेकून बसली. ताटली आली. तिला वाटलं, दुकानाने नवीन काहीतरी केलंय, चाखायला देतायत. तिने दोन्ही हातांनी घेतलं. अर्धं तिने खाल्लं, अर्धं तू मागितलंस म्हणून तुला दिलं.”

“मला?”

“तुझे चारच दात होते. व्यवस्थित खाल्लंस.”

कुणीतरी हसू दाबलं आणि ते उदोनमधून बाहेर आलं. कुवाबारा-सान मात्र हसले नाहीत. “आई मला म्हणाली होती, वचन ऐकून तिला रडू आलं.”

“ते तीन महिन्यांनी. आधी तिने मला विचारलं, हे आंबवता कसं. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. माझे वडील सगळं बघत होते, पण त्यांनी तिला स्वयंपाकघरात पाठवलं नाही. कोठाराला स्वयंपाकघर नव्हतं.”

“मग?”

“मग तिचा बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हापासून पाव तीच भाजायची. चाळीस वर्षं. तुम्ही वेगळे झालात तेव्हासुद्धा.”

हे वेगळं होणं पुस्तिकेत ‘काही काळ आपण संख्येने थोडे होतो’ असं आलं होतं. प्रकार असा की अठ्ठ्याहत्तर साली ताकेओच्या वडिलांना रसासाठी प्रत्येकाला वेगळी पेली हवी होती, कियोच्या वडिलांना सगळ्यांत मिळून एकच प्याला. त्यावरून अकरा वर्षं एका गावात दोन सभा भरल्या, एक कोठारात आणि एक कौलांच्या शेडमधे, आणि रस्त्यात भेटले तर बंधू बंधूंना ओळखत नसत. कियोचे वडील गेले तेव्हा अंत्यविधीला सगळे एका जागी आले आणि मग एकाच प्याल्यावर राहिले. अलीकडे साथ आली तेव्हा सरकारी पत्रक वाचून आठवड्यात पेल्या वेगळ्या झाल्या, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

“तेव्हासुद्धा म्हणजे?” ताकेओंनी विचारलं.

“शनिवारी ती दोन पाव भाजायची. एक तुमच्या शेडसाठी. दुसरा मी मागच्या दाराने न्यायचे, मिसोच्या डब्यात घालून. तुझे वडील म्हणत, त्यांच्या टेबलावरचं आम्ही खात नाही. माझे वडील तेच म्हणत. अकरा वर्षं दोघांनी एकाच भट्टीचं खाल्लं.”

कुवाबारा-सानांनी जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. खिशातून पेन्सिल काढली, लिहिण्यासाठी कागद शोधला, मिळाला नाही तेव्हा गीतपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला लागले. “मिसोचा डबा,” ते स्वतःशी म्हणाले. “मोठा की लहान?”

“मधला.”

तेही लिहिलं. मग ते वहिनींकडे वळले. “सुमन-सान, तुम्ही खुर्चीवरच बसा. कियो-सानच्या शेजारी.”

वहिनींनी वाडगा खाली ठेवला. “एक सांगते, कुवाबारा-सान. ताटली माझ्यापुढे आली तर मी पुन्हा घेईन. मला नाही म्हणता येणार नाही. तेव्हा ती येणार नाही हे तुम्ही बघायचं.”

“मी बघेन,” ते म्हणाले. “आणि ताप असला तरी येईन.”

पुढच्या रविवारी ताटली कियोपाशी आली आणि तिथूनच वळली. वहिनींचा हात पाठीवर होता. तुकडा घशाखाली उतरला. सभेचा बाकी वृत्तांत देण्यासारखा नाही, वीस मिनिटं सगळे गप्प होते.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सत्तरी साजरी झाली. पुस्तिका आठाची बारा पानांची झाली होती. दुसऱ्या पानावर कुवाबारा तोमे मिसो घ्यायला येते, पाठीवर चार दातांच्या मुलासकट. पाचव्या पानावर दोन पाव आहेत. भगिनींची नावं वेगळी, घरांच्या आत नव्हे. तोयोहाशीच्या पाहुण्यांना हे जरा फार झालं असं वाटलं म्हणतात, पण उदोन वाढल्यावर त्यांनीही दुसऱ्यांदा घेतलं.

सप्टेंबरात नागोयाला गणपती. मोदकांचं काम नेत्राने दुसरीकडे दिलं होतं. ते वाफवताना निम्मे फुटले, तेव्हा सकाळी आठ वाजता तिनेच फोन केला, आणि वहिनी साडेदहाला एकवीस मोदक घेऊन हॉलवर हजर झाल्या. फुटण्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, जे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. आरतीआधी नेत्रा ताटात फुलं ठेवत त्यांच्या जवळ सरकली. मागे जयप्रकाश कान देऊन उभा. तिने हळूच विचारलं, “पण ताई, खरं सांगा ना, आता शेवटी तुम्ही कुणाकडच्या?”

वहिनी मोदकांवर तूप सोडत होत्या. ते पूर्ण करून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हे बघ, त्यांनी मला आत घेतलं नाही आणि तुम्ही मला बाहेर काढलं नाही. रविवारी सव्वानऊला कियो-सानला घेऊन माझी गाडी निघते. तुला वाटेत कुठे सोडायचं असेल तर सांग.”